खुनी कोण ते मी सांगितलं

गेल्या दोन-तीन वर्षांत मी ज्या रहस्यकादंबऱ्या वाचल्या, त्यांतले निम्म्याहून जास्त खून लोणावळ्यात झालेले आहेत. आम्ही इथे राहणाऱ्यांनी कुणाचं काय वाकडं केलंय, कळत नाही. एक बंगला असतो, बंगल्याला धुकं असतं, धुक्यात घोंगडीवाला नोकर असतो आणि खून झाल्यावर दहा मिनिटांत पोलीस हजर होतात. तेही शनिवारी. शनिवारी मी घरून कोथिंबीर आणायला निघालो तर पर्यटकांच्या गाड्यांमधून बाजारात पोचेपर्यंत अर्धा तास जातो. तेवढ्या वेळात खुनी जेवून, हात धुऊन खंडाळ्याला पोचेल.

प्रेमाच्या कादंबऱ्यांचंही तेच. पुण्यातली नोकरी सोडून मुलगी पवनेच्या काठी येते आणि कॉफीचं दुकान काढते. तिथे एक दाढीवाला दुःखी माणूस येतो. त्याच्याबरोबर कुत्रा असतोच. पावसाळाभर दोघं खिडकीत बसून एकमेकांकडे बघतात, पण कुणाच्या कपड्यांना कुबट वास येत नाही, पावाला बुरशी लागत नाही, चार दिवस वीज गेली म्हणून कुणी कुणावर खेकसत नाही. मावळात जुलै काढून ज्यांचं प्रेम टिकलं, त्यांच्यावर कुणी लिहीत नाही.

अशी मतं मी फुकट देतो. तळेगावच्या एका काचेच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी विभागात होतो. बाटली उचलायची, उजेडात धरायची, बुडबुडा दिसला की बाजूला. निवृत्त झाल्यावर उचलायला बाटल्या राहिल्या नाहीत, तेव्हा लोणावळ्याच्या वाचनालयातली पुस्तकं धरली. तपासणीची पद्धतही तीच ठेवली. बाटलीचा तळ आधी बघतात, म्हणून मी शेवटचं प्रकरण आधी वाचतो. शेवट कच्चा असला तर चारशे पानांची हमाली वाचते.

या सवयीवरून ज्यांच्याशी माझं पहिलं भांडण झालं, ते माझे मित्र झाले. ते रेल्वेत गार्ड होते. घाट चढणाऱ्या मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटे बसून, सिग्नलची वाट बघत आयुष्यभर वाचत आलेले. राहायला कार्ल्याला, घरची भातशेती. वाचनालयात मी एका पुस्तकाचं शेवटचं प्रकरण उभ्या उभ्या वाचत होतो, तर हे शेजारी येऊन म्हणाले, "ह्याच्यापेक्षा लग्नाला जाऊन हात धुवून परत या की."

मी त्यांना गार्डसाहेब म्हणायचो, ते मला इन्स्पेक्टर. सात वर्षं आम्ही दर मंगळवारी पुस्तकं बदलायच्या निमित्ताने भांडलो. त्यांची एकच अट असे, मी शेवट सांगायचा नाही. मी सांगायचोही नाही. फक्त भुवया अशा उडवायचो की त्यांना अर्धा कळायचा. त्यावरून एकदा ते दोन मंगळवार बोलले नव्हते.

मागच्या भातकापणीच्या दीड-दोन महिने आधी त्यांचं पोटाचं दुखणं वाढलं. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलं, महिनाभर ठेवून घेतलं आणि घरी पाठवलं. पुस्तक धरायची ताकद हातात राहिली नव्हती. मला निरोप आला, "इन्स्पेक्टरला म्हणावं, येऊन वाचून दाखवा. रोज वीस पानं. वीसच."

मग मी रोज दुपारी एसटीने कार्ल्याला जायला लागलो. ओटीवर त्यांची कॉट टाकली होती, समोर कापणीला आलेलं शेत. पुस्तक होतं चारशेबारा पानांचं. पुन्हा लोणावळा, पुन्हा बंगला, आत पाच संशयित आणि सहावा मेलेला. माझ्या मते रिजेक्ट माल. शेवट अर्थातच मी पहिल्याच दिवशी बसमध्ये वाचून टाकला होता. गार्डसाहेबांना मात्र ते आवडलं होतं. वीस पानं झाली की डोळे मिटून संशयितांची हजेरी घ्यायचे.

"ती डॉक्टरीण न्हाई. ती लय सरळ वागतीय."

"सरळ वागणाराच असतो शेवटी."

"तुमी गप बसा. तुमच्या तोंडाकडं बघायचंच न्हाई म्हणून डोळं मिटलेत."

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, आतून तांदूळ निवडता निवडता ऐकायच्या. त्यांना खून आवडत नसत. म्हणून वीस पानं संपली की त्यांच्यासाठी पवनेकाठच्या कॉफीवालीची पाच पानं वाचायची, असं ठरलं होतं. तेव्हा गार्डसाहेब तोंड भिंतीकडे करून पडायचे.

"अहो, ऐका की," वहिनी म्हणायच्या. "किती जीव लावतोय तो तिला."

"त्याला कामधंदा न्हाई. मला डबल ड्यूटी असायची."

"तुमी ड्यूटी नसताना तरी कुटं बघितलं माझ्याकडं."

घरात असं चाललेलं असायचं. दिवाळी झाल्यावर वराळ्याला मुलीच्या नव्या फ्लॅटवर महिनाभर राहायला जायचं, याचा बेत रोज व्हायचा. गॅलरीतून डोंगर दिसतो की शेजारची इमारत, यावर दोघांचे वाद व्हायचे.

एकशेबहात्तराव्या पानावर आम्ही थांबलो त्या दिवशी वहिनी मला बसथांब्यापर्यंत सोडायला आल्या. तशा कधी येत नसत. चिक्कीच्या दुकानाच्या पुढे गेल्यावर थांबल्या.

"भावजी, सकाळी डॉक्टरांचा फोन आलता. एक आठवडा म्हणाले. लय झालं तर."

"त्यांना कळू द्यायचं न्हाई. मी अन् पोरगी, दोघींनाच म्हाईत. आता तुमाला. ते खुशीत हायेत, तसंच राहू दे."

मी शब्द दिला. मान हलवली, वर छातीला हातही लावला. मग बसमध्ये बसलो आणि माणसाने जे करायला नको तेच केलं. भागाकार केला. उरली दोनशेचाळीस पानं, रोजची वीस, म्हणजे बारा दिवस. हातात सात. बारा सातात बसत नव्हते. लोणावळा येईपर्यंत माझ्या डोक्यात एवढंच होतं की हा माणूस खुनी कोण ते कळल्याशिवाय जाणार. आता वाटतं, मित्र जाणार याचं दुःख पेलवेना, म्हणून मी पानांचं दुःख करून घेतलं. ते मला जमण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी मी चाळीस पानं वाचली. ते म्हणाले, "आज एक्स्प्रेस सोडलीय का?" मी म्हटलं, पुढे फार रंगतंय. मला ते पुस्तक रंगलेलं वाटतंय, हे ऐकून त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं होतं. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

त्यानंतर मी वर्णनं गाळली. मग पावसाचं एक आख्खं प्रकरण गाळलं. त्यांचा डोळा लागला की हळूच पंधरावीस पानं उलटायची, जाग आली की तिथून पुढे सुरू. चौतीस वर्षं दुसऱ्यांची फसवाफसवी पकडण्याचा पगार घेतलेल्या मला वाटलं, आपली कुणाला कळणार नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी हात वर केला.

"थांबा. ती डॉक्टरीण मुंबईला गेलती. आज बंगल्यात बसून चहा पितीय. आली कधी?"

"आली की. गाडीने."

"कंच्या?"

रेल्वेतल्या माणसाला मी गाडीचं नाव सांगितलं. अजून आठवलं की कान गरम होतात.

"ती लोणावळ्याला थांबत न्हाई," ते म्हणाले. "पानं गाळताय तुमी."

"वर्णनं होती हो नुसती."

"वीस ठरली होती. कशापायी पळताय?"

इथे नुसतं 'चुकलो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण डोक्यातली घाई तोंडातून बाहेर पडली. "खरं सांगू का? माळ्याने केलाय खून. तो म्हातारा माळी. त्याची जमीन बंगल्यात गेली होती म्हणून. सांगून टाकलं, उगाच राहून जायला नको."

त्यांनी मान शेताकडे वळवली. खाली शेतात कापणीच्या बायका एकमेकींना हाका मारत होत्या. मला वाटलं, शेवट सांगितला म्हणून चिडले. मला अगदी तसंच वाटलं, आणि मी मनात म्हटलं, चिडू देत, कळलं तरी.

"काय राहून जायला नको?" ते म्हणाले.

मी पुस्तक मिटलं, परत उघडलं.

"किती म्हणाले डॉक्टर?"

"कोण डॉक्टर?"

"इन्स्पेक्टर, सात वर्षं तुमच्या भुवया बघतोय मी."

"एक आठवडा," मी म्हणालो. आणि हिशेबाच्या सवयीने पुढे म्हणालो, "त्यातले तीन झाले."

हे वाक्य मी परत कितीदा म्हणून बघितलं असेल. कुठल्याही स्वरात म्हटलं तरी ते तसंच निघतं.

त्यांनी वहिनींना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या, आधी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. गार्डसाहेब एवढंच म्हणाले, "ते वराळ्याचं रोज बोलत हुतीस. तुला दम कसा लागला न्हाई गं?" वहिनी दारातच बसल्या. मी चपला घातल्या. जातो म्हणालो तेव्हा कुणी ऐकलं नाही.

त्यांना कळलंय हे कळल्यावर लपवण्यासारखं काही उरलं नाही. मुलगी आली, बहिणी आल्या, तळेगावचे भाचे आले, वर डोंगरावरच्या वाडीतून त्यांच्या भातलावणीला येणाऱ्या दोन मावशी येऊन उंबऱ्याशी बसून गेल्या. ओटीवर सतत वीस माणसं. येणारा प्रत्येकजण पायाशी बसून रडायचा आणि मग चहा घ्यायचा. मी रोज जायचो, पिशवीत पुस्तक घेऊन, आणि कोपऱ्यात उभं राहून परत यायचो. वहिनी माझ्याशी बोलत नव्हत्या. एकदा गर्दीतून गार्डसाहेबांची नि माझी नजरानजर झाली. त्यांनी त्या सगळ्या माणसांवरून हळूच डोळे फिरवले आणि परत माझ्याकडे आणले. म्हणजे, बघा तुमचं काम.

सातवा दिवस आला आणि गेला. दहावा गेला. पाहुण्यांच्या रजा संपत आल्या, आणि अवघडलेपणा आला तो निराळाच. निरोप घेऊन झालेल्या माणसाचा पुन्हा निरोप कसा घ्यायचा, कुणाला कळेना. एकेकजण पाठीमागच्या दाराने गेला. चौदाव्या दिवशी ओटीवर फक्त कॉट होती आणि शेत कापून रिकामं झालं होतं.

"वाचा," ते म्हणाले. आवाज फार खाली गेला होता.

गाळलेल्या पानापासून मी सुरू केलं. या वेळी एक ओळ सोडली नाही, पावसाचं वर्णनसुद्धा सावकाश वाचलं. माळी यायचा, झाडांना पाणी घालायचा, कुणालातरी छत्री द्यायचा. आता कळत होतं की लेखकाने ते बरं बसवलं होतं; रिजेक्ट म्हणण्याइतकं ते वाईट नव्हतं. मी तसं बोललोही. आठ पानं झाल्यावर गार्डसाहेबांनी बोट हलवलं.

"राहू द्या."

"दमलात?"

"न्हाई. माळी आला की कळतंय. मज्जा न्हाई."

मी पुस्तक पिशवीत घातलं. माफी मागायची होती, ती इतके दिवस तोंडातच होती, पण ते म्हणाले, "तिचं काय झालं, ती कॉफीवाली? ती वाचा." म्हणून ती वाचली. त्या दिवशी त्यांनी तोंड भिंतीकडे केलं नाही. वहिनी आतच होत्या, पण सूप वाजायचं थांबलं होतं. पाच दिवस आम्ही त्या मुलीच्या मागे होतो. रोज वीस पानं जमली नाहीत. कधी सहा, कधी दोन. एकोणिसाव्या दिवशी दुपारी मी पोचलो तेव्हा ओटीवर परत माणसं होती आणि या वेळी कुणी चहा घेत नव्हतं.

एकोणीस दिवस. वीसवीस पानांनी गेलो असतो तर खुनाचं पुस्तक बाराव्या दिवशी संपून वर सात दिवस उरले असते. हा भागाकारही मी बसमध्येच केला, आणि अजून करतो.

तेरावं झाल्यावर महिन्याभराने गेलो. वहिनींनी बसायला सांगितलं, चहा ठेवला. मुलगी त्यांना वराळ्याला घेऊन जाणार होती, कपड्यांची बोचकी बांधलेली होती. मी म्हणालो, "वहिनी, माझ्याकडून चूक झाली."

"व्हय," त्या म्हणाल्या. चहा ओतून कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "एकोणीस दिवस जगले, भावजी. तुमी गप बसला असता तर ते एकोणीस दिवस आमी फ्लॅटच्या गप्पा मारल्या असत्या."

मी चहा संपवला आणि कप विसळायला मोरीकडे निघालो. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, चारची एसटी निघून जाईल.