अंगठेबहाद्दराचा अंगठा

तर काल आपण थांबलो तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत केबलीचे चिमटे होते, गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि डोळे गच्च मिटलेले होते. जे काल नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. मला काय, मागे जायला सांगावंच लागत नाही.

हा माणूस गाड्यांचा वायरमन. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या दाराची एक खोली, भिंतीवर वायरींची भेंडोळी, कोपऱ्यात एक स्टूल. त्या स्टुलावर गिऱ्हाइकापेक्षा मीच जास्त बसलेलो. दाराशी एक ढकलगाडा आणि त्यावर भली मोठी बॅटरी. सकाळी कुणाची गाडी रुसली की हा गाडा ढकलत निघायचा. आपल्या बॅटरीतून तिच्या बॅटरीला दोन केबलींनी वीज द्यायची, की गाडी दोनदा खोकायची आणि उठायची. तीस-बत्तीस वर्षं त्याने हेच केलं.

लोक त्याला अंगठेबहाद्दर म्हणायचे. आता तो अडाणी होता असं नाही. त्याचं अक्षर माझ्याहून वळणदार. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत गेलो आणि ज्या दिवशी विजेचा धडा होता त्या दिवशी गुरुजींची म्हैस हरवली, म्हणून सगळा वर्ग म्हैस शोधायला गेला. तेव्हापासून वीज आणि मी एकमेकांना ओळखत नाही. पण एवढं त्याने मला शिकवलं होतं: बॅटरीच्या डोक्यावर शिशाचे दोन खुंट असतात, एक प्लसचा, एक मायनसचा, आणि प्लसचा खुंट जरासा जाड असतो. जरासा म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतका. सगळं जग लाल-काळं झाकण बघतं. हा अंगठा आणि तर्जनी यांच्यात खुंट धरायचा, तेही डोळे मिटून, आणि म्हणायचा, "हा प्लस." त्याचं म्हणणं असं की झाकणं माणसं बसवतात आणि माणसं चुकतात, जाडी साच्यातून येते. एकदा खरोखरच कुणीतरी उलटी झाकणं बसवलेली गाडी त्याच्या अंगठ्याने वाचवली होती. ती गोष्ट मी किमान दोनशे जणांना सांगितली असेल. ऐकणाऱ्याला ती माझीच मर्दुमकी वाटावी अशी सांगितली.

म्हणून त्या दिवशी माझा मेहुणा पाहुणा आला होता, तेव्हा मीच म्हणालो, "अरे, यांना जरा दाखव तुझा अंगठा."

गाडी सिस्टरची होती. सिस्टर म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या निवृत्त नर्सबाई. निवृत्त नावाला, रोज सकाळी त्या गाडी काढून अंथरुणाला खिळलेल्या बारा जणांच्या घरी जायच्या आणि जखमांच्या पट्ट्या बदलायच्या. त्या दिवशी गाडी उठेना आणि बाई घड्याळाकडे बघत उभ्या.

"नाटकं नंतर करा," त्या म्हणाल्या. "माझा पहिला पेशंट वाट बघतोय."

"सिस्टर, डोळे मिटायला काही जास्त वेळ लागत नाही," हा म्हणाला.

त्याने खुंट चाचपले. एरवी एका दमात सांगायचा. त्या दिवशी हा धर, तो धर, परत हा धर असं तीन वेळा झालं. मला वाटलं, पाहुण्यासमोर रंगवतोय. मी मेहुण्याला कोपरखळी मारली. मग "हा प्लस" म्हणून त्याने चिमटे लावले.

'तड्' असा आवाज झाला आणि ठिणग्या उडाल्या. चिमट्यांतून धूर निघाला. त्याने ते ओढून काढले खरे, पण काढेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. प्लस मायनसला, मायनस प्लसला. गाडीच्या सगळ्या नसांतून वीज उलटी धावली.

"फ्यूज गेला असेल," तो म्हणाला. "फ्यूज असतोच त्यासाठी." त्याने मोठा फ्यूज बदलला. नवाही गेला. मग अल्टरनेटर उघडला. हे यंत्र गाडी चालू असताना बॅटरी भरत असतं, आणि त्यात विजेला एकाच बाजूने जाऊ देणारी बारीक दारं असतात. ती सगळी जळून एक झाली होती. शेवटी त्याने डॅशबोर्डाखालून गाडीच्या कॉम्प्युटरची पेटी काढली, नाकाशी नेली आणि परत ठेवली. मीही वास घेतला. प्लास्टिकची चप्पल चुलीत पडल्यासारखा. त्या गाडीचं मॉडेल बंद झालेलं, तसा कॉम्प्युटर कुठे मिळेना. महिनाभर त्याने शोध शोध शोधला.

सिस्टर बसने जायला लागल्या. बारांपैकी सहा जणांपर्यंत पोचायच्या. उरलेल्या सहांचं काय, हे त्याने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

पण चूक त्याला मान्य नव्हती. म्हणजे चूक झाली हे मान्य होतं. अंगठा चुकला हे मान्य नव्हतं. "सिस्टरला स्वच्छतेचा भारी सोस," तो मला म्हणाला. "मीच त्यांना खुंट पॉलिश पेपरने घासायला शिकवलं. त्यांनी प्लसचा घासून घासून बारीक केला असणार. अंगठा काय करील?" बॅटरी दुकानात आणून त्याने खुंट मापले. प्लस जाडच भरला. "हे मापच जुनं झालंय," तो म्हणाला. दुसरं माप आणलं. मग मापायचं सोडून दिलं. ढकलगाड्यावर पोतं टाकलं आणि दार लावून घरी बसला.

मी त्याच्या घरी गेलो. मी म्हणजे जिथे जाईन तिथे हसवणारा माणूस, पण त्या खोलीत माझे विनोद जमिनीवर पडायचे आणि कुणी उचलायचं नाही. त्याची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाऊजी, त्यांना विचारा, परवा गरम पातेलं फडक्याशिवाय कसं उचललं ते."

"उचललं. त्यात काय," हा म्हणाला.

"बोटं भाजली आणि मी ओरडले तेव्हा यांना कळलं. वर्ष झालं, शर्टाची गुंडी लावता येत नाही. मी लावते आणि हे म्हणतात, गुंड्या खराब निघाल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"रक्तात साखर आहे म्हणून डॉक्टरने पाय बधिर होतील असं सांगितलं होतं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "हाताचं काही सांगितलं नव्हतं."

मी म्हणालो, "मग बघून लाव की बाबा. रंग असतात, चिन्हं असतात. आम्ही सगळे तसंच करतो."

"तुम्ही सगळे करता ना? मग मला कशाला बोलावता?" तो म्हणाला. "वायर सोललेली कळते ती हातानेच. स्क्रूचा आटा बसला की नाही, सॉकेटमधली पिन हलते का, हे डोळ्याला दिसतं होय? अंगठा गेला तर धंदा गेला. पण तो गेलेला नाही. दोन दिवस आराम मिळाला की बघा."

असे आरामाचे दोन दिवस कितीतरी झाले. मग एका सकाळी सिस्टर स्वतः आल्या. मी होतोच. मला वाटलं, आता ऐकवतील. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "गाडीचं राहू द्या. हात दाखवा."

"हाताला काय झालंय?"

"काही झालं नसेल तर दाखवायला काय हरकत आहे? डोळे मिटा. मी पिनेने टोचेन. कळलं की 'हां' म्हणा."

त्याची कळी एकदम खुलली. डोळे मिटून परीक्षा म्हणजे त्याच्या हातचा मळ. शर्टाची बाही वर सारून त्याने हात टेबलावर पसरला आणि माझ्याकडे बघून हसला. मग डोळे मिटले. बायको हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

सिस्टरनी कोपराखाली टोचलं. "हां." मनगटावर टोचलं. "हां." तळव्याच्या मध्यावर जरा जोराने टोचलं. थोडं थांबून, "हां."

मग त्यांनी पिन अंगठ्याच्या पेरावर टेकवली आणि दाबली. तो गप्प. त्यांनी पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा दाबली तेव्हा रक्ताचा एक थेंब वर आला. त्यांनी पिन टेबलावर ठेवली, कापसाने थेंब टिपला आणि तो अंगठा आपल्या मुठीत धरून बसून राहिल्या. बायको आत निघून गेली. 

तो डोळे मिटून, मान ताठ धरून, परीक्षेला बसलेल्या हुशार पोरासारखा वाट बघत होता. बराच वेळ कुठे टोचलेलं कळेना तेव्हा म्हणाला, "थांबलात का सिस्टर? आता अंगठा बघा ना, मी केव्हाचा तयार आहे."