आकाराम मिस्त्रीचं नाक

पलूसमध्ये जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला आकाराम मिस्त्रीचं नाक ठाऊक होतं. गाडी सुरू होत नाही म्हणून कुणी ढकलत आणली, की आकाराम बॉनेट उघडायचा, हात पाठीशी बांधायचा आणि वाकून एक खोल श्वास घ्यायचा. पेट्रोलचा वास घुसमटवणारा असला तर कार्बोरेटर ओसंडतोय. वासच नसला तर पेट्रोल वर पोचत नाही. वासाला जुन्या वार्निशासारखी झाक असली, तर गाडी महिनोन् महिने उभी होती आणि टाकीतलं पेट्रोल शिळं झालंय. पाना हातात घेण्याआधीच निम्मं काम झालेलं असायचं. "कुत्र्याचं नाक हाय गड्याला," असं लोक म्हणायचे, आणि आकारामला ते शालजोडीपेक्षा मोठं वाटायचं.

नाक बापाकडून आलं होतं. त्याचा बाप ज्योतिबा आटपाडीकडचा मेंढपाळ. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठी उतरायचा, लोकांच्या रानात मेंढरं बसवायचा. रोज सकाळी एकेका मेंढराचं तोंड दोन्ही हातांत धरून हुंगायचा आणि दुखणाईत जनावर लगेच बाजूला काढायचा. पोरवयात आकारामनं ते शेकडो वेळा पाहिलं होतं. पुढं तो कळपामागं गेला नाही, पलूसच्या एका गॅरेजात राहिला आणि तिथंच मिस्त्री झाला. पण मेंढराजवळ बाप जसा वाकायचा, तसाच तो इंजिनाजवळ वाकायचा.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलात त्याला कोरोना झाला. सांगलीला अकरा दिवस तो ऑक्सिजनवर होता. घरी परत आला, खोकला गेला, अंगात हळूहळू ताकदही आली. नाक तेवढं आलं नाही. कांद्याचा, शेणाचा, भाकरी करपल्याचा, कशाचाच वास येईना. डॉक्टर म्हणाले, काहींचा परत येतो, काहींचा येत नाही.

एकदा तो घरात बिडी पेटवायला काडी ओढणार, तेवढ्यात त्याची बायको तानुबाई परसातून धावत आली आणि तिनं पेटीच हिसकावून घेतली.

"आवं, घरभर गॅस सुटलाय! मला जाळून दुसरी करायची हाय व्हय?"

दारंखिडक्या उघडून ती उंबऱ्यावर बसली. "आता सांगून टाका लोकांस्नी. लय झालं."

"काय सांगू? नव्या गाड्या सगळ्या काम्पुटरवाल्याकडं जात्यात. माझ्याजवळ राहिलंय काय? हे नाक."

"ते तरी कुठं राहिलंय?"

बाहेर कुणाला त्यानं सांगितलं नाही. त्यानं दुसऱ्या वाटा शोधल्या. प्लग काढून तो ओला की कोरडा ते बोटानं पाहायचा. तळहातावर थेंब टाकला आणि तो गार लागून उडून गेला, की ते पेट्रोल. शिळं पेट्रोल काचेच्या बाटलीत चहासारखं दिसतं. डोळे आणि बोटं शाबूत होती, चाळीस वर्षांचा हात होता, चार वर्षं निभावली. बॉनेटवर वाकून श्वास घेणं मात्र त्यानं सोडलं नाही. गिऱ्हाईक त्याची वाट बघत उभं असायचं.

मग गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी जिनदत्त गुरुजी गाडी घेऊन आले.

गुरुजी हायस्कुलातून निवृत्त झालेले, वय बहात्तर. गाडी पांढरी, कार्बोरेटरची, तीस वर्षांची. त्यांच्या पत्नी गुणमालाकाकी यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, आठवड्यातून तीनदा सांगलीला डायलिसिसला न्यावं लागायचं. एसटीत त्यांना उभं राहवत नसे, परतताना तर मान धरवत नसे. मुलगा गोमटेश शिरवळला कारखान्यात. तो म्हणायचा, भाड्याची गाडी लावा. गुरुजी म्हणायचे, "दर खेपेला गाडीवाल्याची मनधरणी कोण करणार? आपली दारात आहे." त्या गाडीवरच काकींचा आठवडा चालला होता.

"आठ दिवस झाले, सकाळी लवकर लागत नाही," गुरुजी म्हणाले. "पाच-सहा वेळा चावी मारावी लागते. उद्या सोमवार आहे. खात्रीची करून दे."

काकी पुढच्या सीटवर बसूनच होत्या. पाय सुजलेले, हातावर सुयांचे काळे डाग. तरी हसून म्हणाल्या, "आकाराम, तिला जरा दम दे. म्हणावं, माझ्या आधी म्हातारपणाचं सोंग करू नको."

"काकी, हिला काय धाड भरलीया! अजून धा वर्सं तुमास्नी घिऊन जातीय आन् आनतीय."

त्यानं वाकून श्वास घेतला, मान हलवली आणि कामाला लागला. प्लग काढला, तो कोरडा होता. ठिणगी चांगली पडत होती. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. कार्बोरेटरला येणारी नळी सोडवून त्यानं ती बाटलीत धरली आणि गुरुजींना चावी मारायला लावली. पेट्रोल आलं, पण म्हाताऱ्याच्या पिचकारीसारखं, थांबत थांबत. फिल्टर उघडला तर आत तपकिरी गाळ. त्यानं फिल्टर बदलला, टाकीची नळी फुंकून साफ केली, कार्बोरेटरची बारीक भोकं धुतली. पुन्हा चावी मारली आणि गाडी अर्ध्या फेऱ्यात लागली. काकींनी आतून टाळी वाजवली.

शेवटी सवयीप्रमाणं त्यानं इंजिनातली ऑइलची पट्टी ओढली, फडक्यानं पुसली, बुडवून परत काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं.

"पंधरवड्यापूर्वी पंपावर अर्धा लिटर घातलं होतं," गुरुजी म्हणाले. "जास्त झालं का?"

आकारामनं थेंब चिमटीत चोळला. पातळ लागला. उन्हाचा कहर होता, गरम इंजिनात ऑइल पातळ होतंच. पण त्याला दुसरंही ठाऊक होतं. असल्या गाड्यांत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाला चिकटून असतो, त्यात रबराचा पातळ पडदा असतो. तो पडदा जरासा फाटला, की पेट्रोल वर कमी जातं आणि खाली ऑइलात झिरपत राहतं. ऑइल वाढतं, पातळ होतं आणि एक दिवस इंजिन आतल्या आत घासून जातं. फाटल्याचं पहिलं लक्षण पट्टीला येणारा पेट्रोलचा वास. त्यानं आयुष्यात असले दहा-बारा पंप नुसत्या वासावर पकडले होते.

गॅरेजच्या मागं दहा पावलांवर, घराच्या दारात तानुबाई लसूण सोलत बसली होती. एक हाक मारली असती, तर ती उठून आली असती.

गुरुजी बघत होते. काकी काचेतून बघत होत्या. आकारामनं पट्टी नाकाजवळ नेली, डोळे मिटले, श्वास घेतला.

"झकास हाय," तो म्हणाला. "ऑइल जरा जास्त पडलंय, तेवढं चालंल."

सोमवार पार पडला, बुधवार पार पडला. गुरुवारी गुरुजींचा फोन आला. म्हणाले, गाडी चौकात थांबली की ऑइलचा लाल दिवा मिणमिणतो. "आवं गुरुजी, ऑइल कमी असतं तर गोष्ट येगळी. हितं जास्तच हाय. वायर ढिल्ली असंल, सवडीनं बघू." फोन ठेवल्यावर त्याला ती पट्टी आठवली. मग दुसरं गिऱ्हाईक आलं.

पुढच्या सोमवारी, नांद्र्याच्या अलीकडं, दुपारी दीडच्या उन्हात इंजिनातून ठकठक आवाज आला आणि गाडी जागच्या जागी बसली. चावी मारली तर हूं की चूं नाही. शुक्रवारनंतर मधे दोन दिवस गेलेले, त्यामुळं काकींच्या अंगात पाणी साठलं होतं, धाप लागत होती. रस्त्याकडेला सावली नव्हती. सव्वा तासानं ढबू मिरच्या नेणारा एक टेम्पो थांबला. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांच्या मशीनवर दुसरा पेशंट घेतला होता. सकाळी पहिल्या पाळीला घेतो म्हणाले. गुरुजींनी त्यांना सांगलीतच एका नातेवाइकाकडं नेलं. सकाळ व्हायच्या आधी काकींचा श्वास अडकला. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच त्या गेल्या.

आकारामला हे मंगळवारी कळलं. गाडी मात्र सोमवारी संध्याकाळीच ट्रॅक्टरला बांधून त्याच्या दारात आली होती. त्यानं बॉनेट उघडलं. तानुबाई चहा घेऊन येत होती, ती अर्ध्या वाटेवरच थांबली.

"पेट्रोलचा डबा लवंडलाय काय वो?"

डबा नव्हताच. त्यानं पट्टी ओढली आणि तिच्यापुढं धरली. तिनं हुंगलं नाही, हुंगायची गरजच पडली नाही. पदर नाकाला लावत ती म्हणाली, "ह्यात ऑइल कमी, पेट्रोल जास्त हाय." मग तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. "त्या रविवारी मी हितंच हुते की."

"व्हय."

"हाक मारायची हुती."

त्यानं पंप उघडला. पडद्याला नखाएवढी चीर होती.

पाचव्या दिवशी गुरुजी आले, पायी. दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण चुकलेलं. त्यांनी गाडीकडं पाहिलं नाही. स्टुलावर बसले आणि शाळेत हजेरी घ्यावी तशा सपाट आवाजात म्हणाले, "ते अर्धा लिटर मी घालायला नको होतं. त्यानंच इंजिन गेलं ना? गोमटेश काही बोलत नाही, पण त्याच्या मनात तेच आहे. तू जाणता माणूस. खरं सांग."

हो म्हटलं असतं तर गुरुजी उठून गेले असते. कुणाला काही कळलं नसतं. तानुबाई दारात उभी होती.

"तुमच्या ऑइलानं न्हाई गेलं, गुरुजी," आकाराम म्हणाला. "पंपाचा पडदा फाटला हुता. त्या रविवारीच फाटलेला हुता."

"पण तू पट्टी नाकाला लावलीस. मी स्वतः बघितलं."

"लावली. मला वास येत न्हाई. कोरोनापासनं येत न्हाई. मी नुसतं सोंग केलं."

गुरुजींनी आता पहिल्यांदा गाडीकडं पाहिलं.

"ती दर खेपेला गाडीत बसताना म्हणायची," गुरुजी सावकाश म्हणाले, "आकारामनं हुंगलंय, आता भ्यायचं नाही. लाल दिवा लागला तेव्हाही म्हणाली." ते उठले. आकाराम पायांशी वाकायला गेला, तर त्यांनी पाय मागं घेतले. "एक शब्द बोलायचा होतास. दुसऱ्याकडं न्या, एवढाच."

"पंप बसवून इंजिन बांधून देतो, गुरुजी. कवाबी—"

"कुणासाठी?" गुरुजी म्हणाले आणि निघाले.

गाडी अजून गॅरेजच्या भिंतीला लागून उभी आहे. चाकं बसली आहेत, काचेवर धूळ आहे. ती न्यायला कुणी आलं नाही आणि आकारामनंही निरोप धाडला नाही.

आता कुणी गाडी ढकलत आणली, की तो बॉनेटवर वाकत नाही. फडक्याला हात पुसत आधी सांगतो, "मला वास येत न्हाई. पटत असंल तर थांबा." काही जण ते चेष्टेवारी नेतात. बरेचसे थोडं घुटमळून तासगावच्या वाटेला लागतात. एखादा थांबतो. मग आकाराम मागं वळून हाक मारतो, "अगं ए, जरा ये."

तानुबाई हातातलं काम टाकून दहा पावलं चालत येते. तो पट्टी तिच्यापुढं धरतो आणि ती बोलेपर्यंत तिच्या तोंडाकडं बघत उभा राहतो.