मिरचीची वकील

आमच्या डॉक्टरीणबाई जेवायला बसल्या की रश्शावर वरून तर्री मागायच्या, तेही चारचौघांना ऐकू जाईल असं. बाई मूळच्या पडघ्याच्या, बौद्ध घरातल्या. दवाखाना भिवंडीत, माझ्या खानावळीसमोर. कापडाच्या लूमवर राबणारी परमुलखातली पोरं माझ्याकडे जेवायची आणि मला चाची म्हणायची.

नव्वदच्या आसपास त्यांतल्या इस्माईलच्या पोटात अल्सर निघाला. त्याच्या शेठने खापर माझ्यावर फोडलं. म्हणे, चाचीच्या मसाल्याने पोटं जळतायत. मेल्याने आपल्या कामगारांना माझ्याकडे यायची बंदीच केली. अर्धी पंगत उठली. पदरात दोन मुली, नवरा नाही, चूल विझायचीच बाकी होती. घाबरून मी मिरची कमी केली, तर बाई पहिल्याच घासाला ताट सारून माझ्यावर खेकसल्या.

"मावशी, गुन्हाच केला नाहीस, तर माफी कसली मागतेस?"

वाद घालायचा म्हटलं की बाईंच्या अंगात बळ यायचं. बाकीचे डॉक्टर दूध प्या, काळजी करू नका, एवढंच सांगायचे. बाईंनी मात्र नवं काहीतरी वाचलं होतं. दवाखाना बंद ठेवून इस्माईलला मुंबईच्या इस्पितळात नेलं. तिथे नळी घालून त्याच्या जठराचा कणभर तुकडा काढला आणि पिवळ्या औषधाच्या बाटलीत टाकला. औषध गुलाबी झालं. ती बाटली बाईंनी हट्टाने मागून आणली, शेठला बोलावून घेतलं आणि भर पंगतीत त्याच्यापुढे ठेवली. म्हणाल्या, याच्या पोटात जंतू आहे. तो एक एन्झाइम सोडतो, त्यातून अमोनिया तयार होतो. त्याच्या आडोशाने जंतू आम्लातही तगतो, आतलं अस्तर सुजतं आणि पुढे जखम होते. त्याच एन्झाइमने हे औषध गुलाबी केलंय.

शेठ म्हणाला, "मतलब मी खोटं बोललो?"

"हो," बाई म्हणाल्या. "आणि या बाईच्या पोटावर पाय दिलात."

काय बरं वाटलं म्हणून सांगू! गोळ्यांनी इस्माईलचं पोट बरं झालं. पंगतीत परत बसला तो तर्री मागतच. त्याच्यामागून बाकीचेही आले.

बाई फार लवकर गेल्या. पडघ्याला त्यांच्या जलदानविधीच्या जेवणाचा स्वयंपाक मी मागून घेतला. कुणीतरी म्हणालं, मावशी, आज तिखट बेताने घाल. मी ऐकलं नाही, मूठभर जास्तच घातलं. डोळ्यांना धार लागली होती. कुणी विचारलं तेव्हा मिरचीचं नाव घेतलं नाही. तिच्यावर पुन्हा खोटा आळ कशाला?