काकूच्या घराचा ऑक्युपंट

परवा काकू ऊसतोडीला गेली... आणि पहिल्यांदाच घराची किल्ली आमच्याकडे न ठेवता गेली.

काकू म्हणजे माझी चुलती. पाटोद्याजवळच्या आमच्या गावात, आमच्या भिंतीला लागूनच तिचं दोन खोल्यांचं घर आहे. चुलते वारल्यापासून ती लेकासोबत तोडीला जाते. दिवाळीनंतर टोळी निघते, ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परतते.

आमच्याकडे रीत अशी, की जाणाऱ्यानं किल्ली भाऊबंदांकडे द्यायची आणि त्यांनी रोज तिन्हीसांजेला त्या घरात दिवा लावायचा. काकूच्या घरात माझे वडील लावायचे. एक दिवस चुकवला नाही, हे मान्यच करावं लागेल.

गेल्या हिवाळ्यात घरांची नोंद करणारे गावात आले. वडील नेमके काकूचं दार उघडून दिवा लावत होते. त्या लोकांच्या मोबाइलमधल्या फॉर्मवर एक रकाना इंग्रजीत होता, म्हणून वडिलांनी मला फोन लावला... "ऑक्युपंट म्हंजी काय रे?"

मी इंग्रजीचा मास्तर. पेपर तपासता तपासता सांगून टाकलं, "सध्या तिथं असतो तो." वर उदाहरणंही दिली... भाड्याच्या खोलीत राहणारा, एसटीच्या सीटवर बसलेला, दवाखान्यातल्या खाटेवरचा. सगळे ऑक्युपंटच.

"मंग सध्या तर मीच हाय की," वडील म्हणाले. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. कुणाच्या घराचं चाललंय, एवढंही विचारलं नाही.

पाडव्याला काकू आली, तेव्हा ग्रामपंचायतीत यादी लागली होती. तिच्या घरापुढे वडिलांचं नाव. मी वडिलांना म्हटलं, चला अण्णा, चूक झाली, अर्ज देऊ. मला वाटलं, लगेच चपला घालतील.

"कागद झालाय तर राहू दे," ते म्हणाले. "तिला कोन हाकलून देतंय?"

त्या दिवशी मी डिक्शनरी उघडली. आयुष्यभर शिकवलेला शब्द पहिल्यांदा मुळापासून वाचला. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आलाय, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. आणि मुळात त्याचा अर्थ राहणारा नाहीच... ताबा घेणारा, बळकावणारा. फोनवर मी वडिलांना अर्धाच अर्थ सांगितला होता. उरलेला त्यांना कुणी शिकवायची गरज पडली नाही.

काकूचा अर्ज मी लिहिला. सुनावणीला ती एका बाजूला, वडील दुसऱ्या बाजूला. साहेबांनी पुरावा विचारला, तर वडील शांतपणे म्हणाले, "सहा म्हैने दिवा कोन लावतंय, इचारा गावात."

गावानं खरं तेच सांगितलं. मी खाली मान घालून उभा होतो. लई लाज वाटली, आजही वाटते. निकाल अजून लागलेला नाही.

परवा टोळीला न्यायला ट्रॅक्टर उभा होता. मी काकूला म्हटलं, किल्ली माझ्याकडे दे, दिवा मी लावत जाईन. ती माझ्यावर रागावलेली नव्हती. किल्ली कंबरेच्या पिशवीत टाकत एवढंच म्हणाली, "नगं बाबा. आंधार असू दे... घर माजं ऱ्हाईल."

परवापासून भिंतीपलीकडे अंधार आहे.