काळ्या धुराला पास

बेंगळुरूच्या बनशंकरीतल्या त्या धूर तपासणाऱ्याचं नाव मी विचारलं नाही. माझ्या स्कूटरच्या काळ्या धुरानं शेजारची फुलवाली खोकत होती. यंत्रानं गाडी नापास केली, तेव्हा त्यानं हसत सायलेन्सरमधली तपासणीची नळी अर्धी बाहेर ओढली. यंत्रात धुरापेक्षा बाहेरची हवाच जास्त गेली. गाडी पास!

"अण्णा, ही फसवणूक आहे. बिघाड कुठे आहे?"

"चोक अडकलाय, पेट्रोल जास्त जातंय. वासावरूनच कळतं," तो जुन्या बेंगळुरी मराठीत म्हणाला.

"मग सांगितलं का नाही?"

"अक्का, लोक इथं पास व्हायला येतात."

नकळत चुकणाऱ्याला समजावता येतं. सगळं कळूनही विष सोडू देणाऱ्याला काय म्हणायचं? मी पासचा कागद नाकारला आणि स्कूटर ढकलत गॅरेजकडे निघाले.

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला. पुढच्या गाडीची नळी त्यानं सुरुवातीपासूनच अर्धी बाहेर धरली.