डावीकडची नावं

आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना हैदराबाद राज्य मोडलं, आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि मी इकडंच, हैदराबादेत काचीगुड्याच्या खोलीवर राहिलो. वडिलांनी कळवलं होतं, या खेपेला पास झालास तर ठीक, नाहीतर गावी निघून ये.

वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला तुरीचं फूल उकलून त्याची आकृती काढायची होती. पेन्सिलीचं काम आम्हाला एका वयस्कर डेमॉन्स्ट्रेटरांनी शिकवलेलं. छटा द्यायची नाही, रेघ एकदाच ओढायची. कुणी खोडायला निघालं की म्हणायचे, "मियां, पहले देखो. रबर नक्को." मी भिंगाखाली पुंकेसर मोजले. नऊ एकमेकांना चिकटलेले, दहावा सुटा. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या तूर पेरत आले, पण तिचे केसर मोजणारा मीच पहिला.

आकृती मनासारखी उतरली. मग भागांची नावं लिहायला पट्टीनं रेघा ओढल्या आणि तिथं घोळ झाला. शाळा माझी उर्दूतून झालेली. रेघा आकृतीच्या डावीकडं काढायच्या आणि टोकापासून आणखी डावीकडं नाव लिहीत जायचं, ही हाताची सवय. इथं नावं इंग्रजीत हवी होती. टोकापासून लिहिलं तर शब्द थेट फुलावर चढणार, आणि खोडलं तर कागद खराब. शेवटी एकेक शब्द मी शेवटल्या अक्षरापासून उलटा लिहायला घेतला.

बाहेरून आलेले परीक्षक मराठी होते. ते कधी मागं येऊन उभे राहिले, कळलंच नाही.

"इंग्रजी उलटं लिहायला कुठं शिकलात?"

"उर्दू शाळेत, सर."

ते हसले. मग भिंगाला डोळा लावून त्यांनी माझे नऊ आणि एक तपासले. आमच्या डेमॉन्स्ट्रेटरांना म्हणाले, रेघ कुठं दुहेरी झालेली नाही. म्हातारबुवा उगीच खिडकीबाहेर बघत राहिले, पण कान लाल झालेले मला दिसले.

"नावं उजवीकडं लिहायची असतात," परीक्षक मला म्हणाले. "पुढच्या वेळी लक्षात ठेवा."

पुढच्या वेळी म्हणजे नापास का, असं मी सरळ विचारून टाकलं.

"पुढच्या वेळी म्हणजे पोरांना शिकवाल तेव्हा," असं म्हणून त्यांनी सही केली.

निकालाच्या दिवशी मी गावी कार्ड टाकलं. पास झालो, येत नाही.