चुकीच्या फाट्याने जाणारे साडभाऊ

सरळ प्रश्नाला सरळ उत्तर न देणारी माणसं भंडारा जिल्ह्यात पुष्कळ असतील, पण त्या सगळ्यांनी आमच्या साडभाऊंकडे शिकवणी लावावी. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एकोडीजवळच्या एका गावात त्यांची धानाची शेती आहे आणि त्याच गावच्या शाळेत मी मास्तर आहे. चहा घेता का विचारलं तर म्हणतील, "गाईचं दूध असन तं घेतो, म्हशीचं असन तं अर्धा घेतो, अन् पावडरचं असन तं मले घाई हाये." एकदा एका पाहुण्याने त्यांना साकोलीचा रस्ता विचारला. त्यांनी आधी जवळचा, मग चिखलाचा आणि शेवटी चावऱ्या कुत्र्याचा असे तीन रस्ते इतके खुलवून सांगितले, की पाहुणा मुक्कामालाच राहिला.

अशा माणसाच्या गावात राहून फाटे फुटणारे पाठ बनवायला मी प्रशिक्षणाला गेलो, ही माझी हुशारी! पडद्यावर प्रश्न येतो, विद्यार्थी पर्याय दाबतो आणि त्याच्या उत्तराप्रमाणे पाठ वळतो, असं ते शास्त्र. परत आलो तो घरातही 'इंटरॅक्टिव्ह' बोलू लागलो. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं, की बायको सुनावायची, "पर्याय एक, वरून घ्या. पर्याय दोन, उपाशी झोपा." तीन महिने लॅपटॉपवर खपून मी शेतीवरचा एक पाठ तयार केला. बरोबर उत्तराला टाळ्या आणि फुगे, चुकीच्या उत्तराला लाल फुली आणि भोंगा. फाटे म्हणाल तर एवढेच. पण मी स्वतःवर भलताच खूश होतो, आणि कौतुक करून घ्यायला साडभाऊंना बोलावून बसलो.

साडभाऊंनी चष्मा पुसून मोठ्याने वाचलं, "भाताची रोपे तयार झाली आहेत. लावणीपूर्वी काय कराल?" मग माझ्याकडे पाहिलं. "बाप्पा! मास्तर, भात तं चुलीवर गंजात शिजते, अन् लावनी नाचतेत. वावरातल्या बांधीत धान असते, त्याचे पऱ्हे असतेत, अन् पऱ्ह्याचा रोवना होते. हे कोन्या गावची शेती करून राहिले तुमी?"

"साडभाऊ, प्रमाण शब्द आहे तो. मुलांना यायला पाहिजे," मी ऐटीत म्हणालो. रोवण्याच्या चिखलात लहानाचा मोठा झालेला मी! त्यांनी मुद्दाम चुकीचा पर्याय दाबला. भोंगा वाजला. साडभाऊ हसले नाहीत.

"चौथीत होतो," ते म्हणाले. "गुरुजीनं पुसलं, भातासाठी काय काय लागते? म्या सांगतलं, गंज, आधन अन् चूल. गुरुजी हासले, मंग सारा वर्ग हासला. चूक म्हने, उभा राय. घंटी होयेपर्यंत उभा होतो. दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेलोच नाही."

शाळा हीच, गुरुजी तेवढे दुसरे. पुढे साडभाऊ आपल्या पोरांना शाळेत पोचवायचे ते फाटकापर्यंतच. आत कधी आले नाहीत. मला तो त्यांचा विक्षिप्तपणा वाटे, आणि चारचौघांत मी तो रंगवून सांगत असे. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

भोंगा मी लगेच काढला. शब्द बदलले. मग चुकीचे फाटे साडभाऊंनी सांगायचे आणि मी बनवायचे असं ठरलं. चुका त्यांना तोंडपाठ होत्या, कारण बहुतेक त्यांनी स्वतः केल्या होत्या. "चिखल न करताच रोवना केला तं? पऱ्हे कसे आडवे होतेत ते दाखवा ना पोराले. मंग त्याले वापस आना. चुकला म्हून घरी कायले धाडता?" पाठ असा फुगला, की बरोबर उत्तरं देणारा पाच मिनिटांत मोकळा व्हायचा आणि चुकणाऱ्याची तासभर चंगळ.

वर्गात तो दाखवायच्या दिवशी मी त्यांना बोलावलं. "पाहतो," म्हणाले, म्हणजे येत नाहीत हे मी ओळखलं. पण आले. फाटकाशी सायकल धरून उभे राहिले. मी बाहेर गेलो.

"आत मले काही पुसतीन का?" त्यांनी हळूच विचारलं.

"पुसलं आणि चुकलं, तर आपलं दोघांचं चुकेल," मी म्हणालो.

त्यांनी सायकल भिंतीला लावली, वर्गाच्या दाराशी चपला काढल्या आणि मागच्या बसकरपट्टीवर पोरांत जाऊन बसले. पोरं हट्टाने चुकत होती. पडद्यावर पऱ्हे आडवे झाले तशी एक मुलगी म्हणाली, "खरंच असं होते का, सर?" मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "होते ना वं. माह्यं झालं होतं." सगळा वर्ग मागे वळला. कोणी हसलं नाही. "मंग तुमी काय केलं?" तिने विचारलं, आणि साडभाऊ सांगत सुटले.

घंटा झाली, पोरं पळाली. साडभाऊ मांडी घालून तिथेच बसलेले.

"गुरुजी," ते मला म्हणाले, "उद्याचा धडा कोनता हाये?"

उद्याचा धडा माझ्याकडे नव्हता. एकालाच तीन महिने लागले होते.

"तुम्ही या तर खरं," मी म्हणालो.